फलकाची आखणी आणि आपली मुले
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात पेण व रोहे येथील सभासद कुटुंबांसमोर दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला नेमून दिलेला विषय आपल्या सभेस काहीसा अपरिचित आहे. तथापि इलेक्ट्रॉनिक्सची पदविका वा पदवी घेणारी मुले आता आपल्याही घरांत आहेत. आणि ‘प्रिंटेड सर्किट बोर्डाच्या आखणीत मुलाचा निभाव लागेल काय, की तेही काम यंत्रच करील?’ हा पालकांचा प्रश्न अत्यंत रास्त आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. घरातील दूरदर्शन संच उघडला की जो हिरवा फलक दिसतो, तोच हा बोर्ड. काचतंतूंच्या पत्र्यावर सामान्यतः ०.०३५ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा थर असतो. नको असलेले तांबे रसायनाने विरघळवून टाकले की उरलेल्या रेषा तारांचे काम करतात. पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये ही कल्पना रेडिओसाठी उपयोगात आणली. आज धाटावच्या कारखान्यांतील नियंत्रणयंत्रांपासून आपल्या खिशातील भ्रमणध्वनीपर्यंत तिच्यावाचून कोणाचेच चालत नाही.

या धंद्याचा पूर्वेतिहास आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देतो. पूर्वी आरेखक पारदर्शक पत्र्यावर काळ्या चिकटपट्ट्या लावून मोठ्या आकारात नकाशा तयार करीत व त्याचे छायाचित्र लहान करून फलक बनवीत. संगणक आला आणि ती चिकटपट्टी गेली. ज्याला केवळ पट्टी सरळ लावता येत होती त्याचे काम सरले; परंतु ती रेषा तेथूनच का न्यावयाची हे ज्याला कळत होते, तो पडद्यासमोर बसून तेच काम अधिक वेगाने करू लागला.

आज त्याच प्रसंगाची पुनरावृत्ती होत आहे. दोन टोके आपोआप जोडणाऱ्या प्रणाली कित्येक दशकांपासून आहेत. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांत भर घातली आहे. अर्थात केवळ रेषा जोडणाऱ्याचे भवितव्य उज्ज्वल आहे असे मी म्हणणार नाही. अनेक ठिकाणी मंडलाचा आराखडा करणारा अभियंताच फलकाची मांडणीही करतो, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

मग उरते काय? एक उदाहरण देतो. वेगवान संकेत ज्या रेषेने जातो, त्याचा परतीचा प्रवाह तिच्या खालील तांब्याच्या सलग थरातून, शक्यतो तिला लगटूनच येतो. त्या थराला मध्येच चीर पाडली, तर प्रवाहाला वळसा पडतो. आणि तो वळसा आकाशतारेसारखा वागून शेजारच्या यंत्रांना उपद्रव देतो. कागदावर सर्व टोके बरोबर जुळलेली असतात, यंत्र मात्र चालत नाही! उष्णता कोठून बाहेर पडेल, फलक पेटीत बसेल काय, कारखान्याला तो बनविता येईल काय, हे प्रश्नही असेच विवेकाचे आहेत.

पेणकरांना हे निराळे सांगणे नलगे. साच्यातून गणेशमूर्ती निघते. परंतु डोळ्यांची आखणी होईपर्यंत तिच्यात तेज येत नाही. साचा आल्यामुळे आखणी करणाऱ्या हाताचे मोल घटले नाही. मात्र तो हात तयार व्हावयास वर्षे लागतात.

संधी आहे, यात शंका नाही. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक घटकांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना संमत केली. तीत बहुस्तरीय फलकांचाही समावेश आहे. परंतु फलक बनविणारा कारखाना निघाला म्हणजे आखणीची जागा निघालीच, असा हिशोब कोणी करू नये. ती कामे आज मुख्यतः बंगळूर, पुणे, हैदराबाद अशा नगरांत आहेत, आणि नवशिक्यास प्रारंभी घटकांची मापे तपासण्याचेच काम मिळते.

म्हणून विद्यार्थ्यांस माझे सांगणे असे. केवळ एखादी संगणकप्रणाली शिकविणाऱ्या अल्पमुदतीच्या वर्गावर विसंबू नका. इलेक्ट्रॉनिक्सचा पाया पक्का करा. त्यासाठी आपल्या जिल्ह्यातच लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. ‘कीकॅड’ ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यावर एक लहान फलक आखा, बनवून घ्या, स्वतः डाख द्या आणि तो चालला नाही तर का चालला नाही ते शोधा. नोकरीच्या मुलाखतीत असा एक फलक दहा प्रमाणपत्रांहून अधिक बोलतो. घटकांची माहितीपत्रके इंग्रजीत असतात. मराठी माध्यमाच्या मुलांनी त्यांची धास्ती न घेता रोज एक पान वाचावे. आणि घरी तांबे विरघळविण्याचा प्रयोग कराल, तर ते पाणी गटारात ओतू नका. कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्यांस याचे कारण सांगावयास नको.

मंडळासही एक विनंती आहे. आपली पारितोषिके बहुधा गुणपत्रिका पाहून दिली जातात. त्यांपैकी काही रक्कम डाख देण्याचे हत्यार, मापनयंत्र व फलक बनविण्याचा खर्च यांसाठी राखून ठेवावी, आणि ती देताना मुलींचा विचार मुलांच्या बरोबरीने व्हावा. या कामास बळ नको, बारीक नजर व धीर हवा.