गच्चीवर चढण्याआधी

आजचा विषय अगदी घरगुती आहे. टीव्हीवरचं चित्र मध्येच थिजतं, त्याचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो आणि मग पडद्यावर पाटी येते, ‘नो सिग्नल’. अशा वेळी काय करायचं आणि, त्याहून महत्त्वाचं, काय करायचं नाही, ते आज सांगणार आहे. मी सैन्यात सिग्नल कोअरमध्ये होतो. बिनतारी संदेश, अँटेना, तारा यांतच नोकरी गेली. तरीही पहिली चूक मीच केली, म्हणून हे भाषण.

माझी मावशी इंदूरला राहते. वय ८४. यजमान गेले, मुलं परदेशी. लग्न होऊन इंदूरला आली त्याला साठ वर्षं झाली, पण रोज सह्याद्री वाहिनीवरच्या मराठी बातम्या ऐकल्याशिवाय तिला जेवण जात नाही. आसपास मराठी बोलणारी जुनी मंडळी एकेक करून कमी झाली. दिवसभरात कानावर पडणारं मराठी म्हणजे तो टीव्ही. घरावर डीडी फ्री डिशची छत्री आहे. महिन्याचे पैसे नाहीत, त्यामुळे रिचार्ज संपण्याची भानगड नाही.

जुलैत तिचा फोन आला. “अरे, बातम्या देणारी बाई चौकोनी झालीय. अर्धं वाक्य बोलते आणि गप्प होते.” एका दुरुस्तीवाल्याने बॉक्स खराब म्हणून नवा विकला. फरक शून्य. मी महूला राहतो, तिथून इंदूर तासाभरावर. गेलो, चहासुद्धा न घेता गच्चीवर चढलो आणि पाना घेऊन छत्रीचे बोल्ट सैल केले. रिमझिम चालू होती. जरा इकडे, जरा तिकडे केलं. खालून मावशी ओरडली, “आता काहीच दिसत नाही!” होतं तेवढंही गेलं. घाईत मागे सरलो तर शेवाळावरून पाय घसरला, कठड्याला धरलं म्हणून वाचलो. गुडघा सुजवून खाली आलो. पुढचे चार दिवस मावशीने बातम्यांविना काढले.

चूक काय झाली? सैन्यात जवानाला पहिल्या आठवड्यात शिकवतात की लाइन बंद पडली तर आपल्या टोकापासून तपासत जायचं, आणि काही हलवण्याआधी आहे ती स्थिती लिहून ठेवायची. मी दोन्ही विसरलो.

ही चूक माझ्या वयाच्या बहुतेकांकडून होते. १९८२ च्या एशियाडनंतर घराघरावर अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना आला. एकजण वर काठी फिरवायचा, दुसरा खिडकीतून ओरडायचा, “आलं, आलं... गेलं!” तो काळ अ‍ॅनालॉगचा. दिशा थोडी चुकली तर चित्रात मुंग्या यायच्या, सावल्या दिसायच्या, पण चित्र असायचं. त्यामुळे आपण बरोबर दिशेच्या किती जवळ आहोत ते पडद्यावरच कळायचं. आता जमिनीवरची ती जुनी प्रक्षेपणं बहुतेक ठिकाणी बंद झाली आहेत. डिजिटलचा स्वभाव वेगळा आहे. चुका दुरुस्त करण्याची सोय प्रक्षेपणातच असते, त्यामुळे सिग्नल कमी होत गेला तरी चित्र स्वच्छच दिसतं, आणि एका मर्यादेखाली गेला की एकदम कोसळतं. कड्याच्या टोकावर उभं राहिल्यासारखं. चित्र छान दिसतंय याचा अर्थ आपण सुरक्षित आहोत असा नाही. टोकापासून चार बोटांवर असू, आणि एका सरीत खाली जाऊ.

म्हणून पडद्याकडे बघू नका, आकड्याकडे बघा. रिमोटवर मेनू दाबा, सिग्नलची माहिती उघडा. तिथे दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थने फसू नका. छत्रीपुढे जो छोटा डबा असतो, एलएनबी, त्याला वीज मिळाली आणि तो चालू झाला की स्ट्रेंग्थ दिसते, छत्री भिंतीकडे वळवलेली असली तरी. मावशीकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा स्ट्रेंग्थ ७० होती आणि क्वालिटी शून्य. कामाची पट्टी क्वालिटीची. बॉक्सागणिक हे आकडे वेगळे येतात, म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका. आपल्याच कालच्या आकड्याशी करा.

आता क्रम सांगतो. हा क्रम मोडायचा नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिलं, खोलीतच बसून विचारा: सगळ्या वाहिन्या बिघडल्या की एकच? एकच वाहिनी नसेल तर छत्रीला हात लावू नका. फ्री डिशवर वाहिन्यांच्या जागा बदलत असतात. बॉक्स पुन्हा स्कॅन करा. शिवाय काही वाहिन्या एमपेग-४ पद्धतीच्या आहेत, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर त्या दिसणारच नाहीत, कितीही छत्री फिरवा. सगळ्याच गेल्या असतील तर शेजारच्या घरी विचारा. त्यांचंही गेलं असेल आणि बाहेर धो धो पाऊस असेल, तर अर्धा तास थांबा.

दुसरं, क्वालिटीचा आकडा कागदावर लिहा. तारीख, वेळ, हवा कशी आहे, तेही.

तिसरं, तार. बॉक्सचा प्लग आधी भिंतीतून काढा, कारण याच तारेतून बॉक्स वरच्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवत असतो. मग बॉक्सच्या मागचा स्क्रूचा कनेक्टर उघडा. मधली तांब्याची तार चकचकीत हवी आणि बाहेरच्या जाळीचा एकही केस तिला चिकटलेला नसावा. आता छत्रीकडचा कनेक्टर. बहुतेक वेळा चोर इथे सापडतो. पावसाचं पाणी आत शिरतं, तांबं हिरवं पडतं. तार जुनी, पातळ असेल, मध्ये दोन-तीन जोड असतील, तर सरळ आरजी-६ ची एकसलग तार टाका. छत्रीजवळ तारेला खालच्या बाजूला एक झोळ द्या, म्हणजे पाणी त्या झोळातून टपकेल, कनेक्टरमध्ये जाणार नाही. एलएनबीचं प्लॅस्टिकचं टोपण तडकलंय का, त्यावर माशीने मातीचं घर केलंय का, तेही बघा.

चौथं, आड येणारी वस्तू. मावशीच्या शेजाऱ्यांचं आंब्याचं झाड वाढलंय, आणि दुरुस्तीवाल्याने त्यावर खापर फोडलं होतं. मावशी शेजाऱ्यांना फांदी तोडायला सांगणार होती. चाळीस वर्षांचा शेजार. म्हटलं, थांब, आधी हिशेब करू. फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. इंदूरहून तो आग्नेयेला दिसतो, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने साधारण १४० अंशांवर, आणि क्षितिजापासून ५७ अंश उंच. म्हणजे छत्रीपासून तीन मीटरवरची वस्तू आड येण्यासाठी छत्रीपेक्षा साडेचार मीटर उंच हवी. आंबा होता सहा मीटरवर आणि छत्रीच्या वर जेमतेम दोन मीटर. आंबा निर्दोष सुटला. शेजारही वाचला.

गणित नको असेल तर सूर्याला विचारा. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागून जातो. इंदूरला ती वेळ सकाळी अकराच्या आसपासची. तेव्हा काही मिनिटं चित्र जातं, तो बिघाड नव्हे. पण त्याच वेळी छत्रीवर झाडाची किंवा टाकीची सावली पडत असेल, तर ती वस्तू नक्की आड येते.

पाचवं, आणि सर्वांत शेवटी, छत्रीची दिशा. आधी ओळंबा घेऊन बघा, छत्री ज्या पाइपवर आहे तो सरळ उभा आहे का. पाइप कलला असेल तर मागच्या पट्टीवरचे अंश खोटं बोलतात. मग रंगाने किंवा खिळ्याने आत्ताच्या जागेवर खूण करा. होकायंत्र वापरणार असाल तर लोखंडी पाइपपासून दोन-चार पावलं लांब उभे राहा. छत्रीचं तोंड उपग्रहाकडे सरळ बघत असल्यासारखं दिसणार नाही, बरंच उभं दिसेल. घाबरू नका, एलएनबी खाली असलेल्या छत्र्यांची घडणच तशी असते.

आता एकच बोल्ट सैल करा. ६० सेंटीमीटरच्या छत्रीत एक अंश म्हणजे तिची कड फक्त अर्धा सेंटीमीटर सरकते. एवढंच सरकवा आणि तीनपर्यंत मोजा, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो. आम्ही फोन चालू ठेवला होता. मावशी खाली बसून आकडा सांगायची, मी वर. सर्वांत मोठा आकडा शोधत बसायचं नाही. एका बाजूला सरकवत आकडा पडतो ती जागा धरा, मग दुसऱ्या बाजूला पडतो ती, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये थांबा. आडवं झालं की तसंच वर-खाली. मग एलएनबी आपल्या जागी थोडा गोल फिरवून बघा. शेवटी बोल्ट आवळताना आकडा पुन्हा ऐका, कारण आवळतानाच छत्री हलते.

पाइपवर जुन्या पकडीचा गंजाचा वळ उरला होता, त्यावर छत्री परत आणली तेव्हा क्वालिटी ३१ आली, म्हणजे मूळचेच चौकोन. बिघाड दिशेचा नव्हताच, मी उगीच हात घातला होता. छत्रीकडचा कनेक्टर हिरवा निघाला. नवा लावला, ५५. चित्र स्वच्छ झालं. मावशी म्हणाली, “झालं की, उतर आता.” पण ५५ वर थांबलो असतो तर पुढच्या मोठ्या पावसात तिचा पुन्हा फोन आला असता. या लहरींना पावसाचे थेंब गिळतात. पाऊस थांबवणं आपल्या हातात नाही, पण पावसाने वीस घेतले तरी पुरून उरेल एवढी शिल्लक ठेवणं आहे. अर्धा तास आणखी घालवला, ७४ वर आणून बोल्ट आवळले. खर्च एका कनेक्टरचा. नवा बॉक्स फुकट गेला.

एक गोष्ट मात्र हुकूम म्हणून ऐका. ओल्या गच्चीवर चढायचं नाही. एकट्याने चढायचं नाही. वरून विजेच्या तारा जात असतील तर पाइपला हातच लावायचा नाही, आणि ढग गडगडत असतील तर खालीच बसायचं. साठीच्या पुढच्यांनी पाना तरुणाच्या हातात द्यावा आणि आकडा वाचायचं काम आपल्याकडे घ्यावं. निम्मं काम तेच आहे. तुमचे आईवडील गावात एकटे राहत असतील तर फोनवर “टीव्ही दिसतो ना?” असं विचारू नका, “क्वालिटी किती?” असं विचारा. आकडा हळूहळू उतरत असेल तर पावसाळ्याआधी कनेक्टर बदलून घ्या.

मावशीच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. दर रविवारी ती त्यावर आकडा लिहिते आणि मला फोन करते. गेल्या रविवारी मुसळधार पाऊस होता. म्हणाली, “पन्नास आहे रे, पण बातम्या देणारी बाई शाबूत आहे.” मग पाऊण तास त्या बातम्यांवरच बोलत होती.