गाडीचा भार आणि चार ठोकळे



दीड हजार किलो वजनाची मोटारगाडी जमिनीवरून वीतभर उचलावी आणि तिच्या चाकापाशी गुडघे टेकून काम करावे, ही क्रिया आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, एखाद्या पिंपळाच्या सावलीत, पंक्चर काढणाऱ्या पोराच्या हातून इतक्या सहजतेने पार पडत असते, की तिच्यात काही शास्त्र आहे आणि ते शास्त्र गाडीगणिक बदलते, याची जाणीव गाडीचा पत्रा एकदा चेपेपर्यंत आपणांस सहसा होत नाही. मलाही ती झाली ती दुसऱ्याच्या नुकसानीतूनच. चाकणच्या बाजूला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी एक जुनी बीएमडब्ल्यू घेतली; थ्री सिरीजमधील जी पिढी जाणकार मंडळी ‘ई-नाइन्टी’ या सांकेतिक नावाने ओळखतात आणि जी २००७ पासून चेन्नईजवळच्या कारखान्यात जुळवली जाऊ लागली, त्यांपैकी ती एक. गाडी देखणी, वेगाला समर्थ, आणि पोट जमिनीपासून जेमतेम चौदा सेंटिमीटरांवर. पहिल्याच उन्हाळ्यात टायर बदलण्यास तो एका दुकानी गेला असता तेथील कारागिराने नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे जॅक दाराखाली सरकवला, दांडा चार वेळा दाबला, आणि ‘कट्’ असा एक आवाज झाला. गाडी उचलली गेली, टायरही बदलले; पण घरी येऊन खाली वाकून पाहतो तो दाराखालचा प्लॅस्टिकचा ठोकळा दुभंगलेला आणि त्याच्या शेजारची पत्र्याची कड आत वळलेली. “मामा, यात चूक कोणाची?” असे त्याने मला विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे मांडत आहे.

त्या कारागिराचा पक्ष प्रथम घेतो. त्याचा हात ज्या गाड्यांवर बसला, त्या जीप, ट्रक आणि टेंपो यांच्या बुडाशी लोखंडी तुळयांचा स्वतंत्र सांगाडा असतो आणि त्याखाली जाडजूड आस असतो. त्या आसाखाली किंवा तुळईखाली जॅक कोठेही लावला तरी वजन लोखंडावरून लोखंडावर जाते आणि कोणाची तक्रार राहत नाही. आजच्या बहुतेक प्रवासी मोटारींना असा वेगळा सांगाडाच नसतो. छप्पर, खांब, तळ आणि दाराखालचे उंबरे मिळून पत्र्याची एक पोकळ पेटी तयार होते व ती पेटी हाच सांगाडा ठरतो. इटलीतील लान्सिया कंपनीने १९२२ साली ‘लाम्ब्डा’ या गाडीत ही कल्पना प्रत्यक्षात आणली आणि १९३४ साली सित्रोएनने ती मोठ्या प्रमाणावर रूढ केली. पेटी समग्र रूपाने अतिशय बळकट असते, परंतु तिचा प्रत्येक चौरस इंच बळकट नसतो. अंड्याला दोन टोकांकडून दाबले तर ते टिकते आणि नखाने टोकरले तर फुटते, तसाच हा प्रकार. म्हणून कारखानदार उंबऱ्याखाली चारच ठिकाणे अशी राखून ठेवतो, की जेथे आतून जादा पत्रा जोडून भार घेण्याची तजवीज केलेली असते. काही गाड्यांत ही जागा उंबऱ्याच्या उभ्या जोडपट्टीवर दोन खाचांच्या मध्ये असते. भाच्याच्या गाडीत तेथे काळ्या प्लॅस्टिकचा चौकोनी ठोकळा बसवलेला असून त्याच्या पोटात एक लांबट खळगा आहे.

कारखान्याने त्या खळग्यास जुळेल असा जॅकचा माथा योजलेला असतो. दुकानातील तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ट्रॉली जॅकचा माथा मात्र वाटोळ्या बशीसारखा, लोखंडी आणि कडेला दाते असलेला. गाडीचा एक कोपरा म्हणजे स्थूलमानाने पावणेचारशे किलो. पण उंबऱ्याच्या एका बिंदूवर गाडी उचलली की पेटी ताठ असल्यामुळे त्याच बाजूचे दुसरे चाकही हलके होऊ लागते, म्हणजे प्रत्यक्ष भार याहूनही बराच अधिक. हा सर्व भार बशीच्या दोन-तीन दात्यांवरून प्लॅस्टिकच्या कडेवर उतरला, तर ती कड फुटली यात नवल ते कोणते? वस्तू दोन्ही निर्दोष होत्या. त्यांची एकमेकींशी ओळख करून देणारा मध्यस्थ तेवढा नव्हता.

तो मध्यस्थ म्हणजे बाजारात स्वतंत्रपणे मिळणारा जॅक पॅड. मुठीत मावेल एवढी ही वस्तू; वरचे अंग त्या खळग्यात चपखल बसणारे, खालचे अंग सपाट व रुंद. कोणी ती कठीण रबराची करतो, कोणी पॉलियुरेथेनची, कोणी नायलॉनची, तर कोणी ॲल्युमिनियमची घडवून तिच्या तळाला रबराची चकती लावतो. अमेरिकेत आणि कॅनडात घरी काम करणारे हौशी लोक बर्फावरील हॉकीची रबरी चकती, जी तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची असते, ती घेऊन तिच्यात करवतीने खाच पाडतात आणि जोडपट्टीच्या गाड्यांना तीच पॅड म्हणून वापरतात. आपल्याकडे हेच काम बाभळीचा किंवा सागाचा तुकडा पिढ्यान् पिढ्या करीत आला आहे. लाकडाला मी नावे ठेवणार नाही. पण जोडपट्टीची धार त्याच्या रेषांच्या दिशेने पडली तर तो तुकडा भाराखाली चिरतो, आणि भाच्याच्या गाडीसारख्या खळग्यात तर तो बसतच नाही.

निवड करताना दुकानदार रंग आणि चकाकी दाखवतो. आपण मात्र उंची आणि तळाची रुंदी पाहावी. पॅड जितका उंच तितका तो कलंडण्यास सोपा, कारण बाजूने येणाऱ्या ओढीला त्याची उंची हा दांडाच मिळतो. म्हणून तळ उंचीहून निश्चितपणे रुंद असावा आणि तो जॅकच्या बशीत पूर्णपणे मावावा, दात्यांवर अर्धवट चढलेला नसावा. नुसत्या ॲल्युमिनियमचा पॅड नुसत्या लोखंडी बशीवर टेकवणे मला पसंत नाही. धातूवर धातू घसरतो, आणि त्यात तेलाचा ओघळ असला तर विचारूच नका. उलट साधे रबर खनिज तेलाने फुगते व वर्षानुवर्षे ऊन लागून त्यास भेगा पडतात, म्हणून ते दर खेपेस नखाने दाबून पाहावे.

यांत दोन पंथ आहेत. एका पंथाचे पॅड कामापुरते बसवून नंतर काढून घ्यावयाचे. दुसऱ्याचे, मूळ प्लॅस्टिकचा ठोकळा उपसून त्याच्या जागी कायमचे ठोकून द्यावयाचे. युरोपातील गुळगुळीत रस्त्यांवर दुसरा पंथ सोयीचा असेलही, परंतु आपल्याकडे त्याचा अवलंब करण्यापूर्वी गतिरोधकाचे स्मरण करावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमपुस्तिकेत गतिरोधकाची वाटोळी पाठ ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावी असे नमूद आहे. तसा गतिरोधक कोठे आढळलाच तर ही गाडी सावकाश निघून जाईल. पण एका रात्रीत कोणाच्या तरी अर्जावरून किंवा अर्जाशिवायच उगवलेले जे डांबराचे उंचवटे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत, त्यांच्यावर चौदा सेंटिमीटरांतील प्रत्येक सेंटिमीटर मोलाचा असतो, आणि कायमचा पॅड त्यांतील एक-दोन सेंटिमीटर परस्पर खर्ची टाकतो. शिवाय कायमचा ॲल्युमिनियमचा तुकडा रंग खरवडलेल्या पोलादाला चिकटून पावसाळा काढू लागला, की त्या दोन धातूंमध्ये पाण्याच्या साक्षीने गंजण्याचा व्यवहार सुरू होतो. कामापुरता बसणारा पॅड मी भाच्याला घ्यावयास लावला, तो या दोन कारणांनी. अर्थात फुटलेला मूळ ठोकळा आधी बदलून घेतला. दुभंगलेल्या खळग्यात नवा पॅड बसवणे म्हणजे मोडक्या चौकटीला नवे दार लावणे होय.

आता बसवण्याची रीत. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, गिअर पार्कमध्ये टाकावा, आणि जे चाक जमिनीवर राहणार त्याच्या पुढे-मागे दगड किंवा ठोकळे लावावेत. येथे एक भ्रम दूर करणे अवश्य आहे. मागची चाके चालवणाऱ्या गाडीत ‘पार्क’ हा अडसर मागच्या दोन चाकांना मिळून असतो. त्यांतील एक चाक अधांतरी झाले, की दोहोंमधील डिफरन्शियलच्या रचनेमुळे ते चाक उलट फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक सुलट. म्हणजे ज्या अडसरावर आपण निर्धास्त होतो तो नेमक्या त्याच क्षणी निकामी झालेला असतो. हँडब्रेकही मागच्याच चाकांवर. मागची बाजू सगळी उचलली तर त्याचाही जामीन संपला. म्हणून पुढच्या चाकांना लावलेला दगड हा अडाणीपणा समजू नये.

त्यानंतर, चाक जमिनीवर असतानाच त्याचे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सैल करून घ्यावेत. मग खळग्यातील चिखल ब्रशाने झाडून पॅड हाताने आत बसवावा. तो सरळ, तळाशी समांतर आणि न डुगडुगता बसला पाहिजे. खडा अडकला असेल तर पॅड तिरका राहतो, आणि तिरका पॅड हा नसलेल्या पॅडहून वाईट, कारण तो डोळ्यांना दिलासा देतो. ज्या जॅकचा माथा तळाशी असताना आठ-साडेआठ सेंटिमीटरांहून उंच नाही असाच जॅक या गाडीखाली पॅडसह जातो. जॅक तितका ठेंगणा नसेल, तर चाक आधी दीड इंची फळीवर चढवून मग तो सरकवावा.

पुढची गोष्ट या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घेतो. ट्रॉली जॅकचा माथा सरळ रेषेत वर जात नाही. त्याचा हात मागच्या खिळीभोवती फिरतो, त्यामुळे माथा वर्तुळाच्या कंसात चढतो आणि चढता चढता दांड्याच्या बाजूला मागे येतो. गाडी जागची हलत नाही, तेव्हा हे अंतर भरून काढण्यासाठी जॅकनेच आपल्या लोखंडी चाकांवर पुढे सरकले पाहिजे. गुळगुळीत काँक्रीटवर तो सरकतो, आणि आपणांस त्याचा पत्ताही लागत नाही. पण आपल्या सोसायट्यांच्या आवारात आज जे ठोकळ्यांचे फरसबंद असते, त्याच्या एका सांध्यात ते चाक अडकले, किंवा वैशाखातल्या डांबरात रुतले, तर जॅक जागीच राहतो आणि बशी पॅडला, पॅड उंबऱ्याला, उंबरा सबंध गाडीला बाजूला ओढू लागतो. पॅड निसटतो तो बहुधा याच ओढीने. त्याच्या रबराला दोष देणे व्यर्थ. म्हणून दांडा चार-पाच वेळा दाबला की थांबावे, वाकून पाहावे, जॅक सरकतो आहे याची खात्री करावी, मगच पुढे जावे. आपल्या मनावर घाईचे कितीही संस्कार झालेले असोत, ही एक जागा हयगय न करण्याची आहे.

नवे पॅड आल्यावर एका रविवारी आम्ही हे काम घरीच काढले. गाडी हवी तितकी उचलली गेली, तेव्हा भाच्याने मला विजयी मुद्रेने विचारले, “आता जाऊ खाली?” मी त्याचा दंडच धरला. जॅक उभा असतो तो बंदिस्त तेलाच्या दाबावर. पास्कालचा सिद्धान्त सतराव्या शतकापासून अबाधित आहे, पण जॅकमधले रबरी कडे अबाधित नसते, आणि झडपेत अडकलेला धुळीचा एक कण तेलाला हळूहळू परतीची वाट करून देण्यास पुरेसा असतो. पॅड कितीही सुबक असो, तो गाडीच्या पत्र्याचा रक्षक आहे, माणसाच्या बरगड्यांचा नव्हे. त्यासाठी पोलादी स्टँड लागतात, ज्यांना कारागीर मंडळी घोडी म्हणतात. जोडीने वापरावयाच्या, खिळीने अडकवावयाच्या. मात्र अडचण अशी, की ज्या बिंदूवर जॅक आहे तेथेच घोडीही लावावी लागते, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. यावर गाडीच्या पुढच्या आडव्या तुळईवर कारखानदाराने मधोमध जो आधारबिंदू नेमून दिला असेल त्यावर जॅक लावून दोन्ही उंबरे मोकळे ठेवणे, हा मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो. तो बिंदू कोठे आहे हे गाडीच्या पुस्तिकेतून वाचून घ्यावे, अंदाजाने नव्हे. घोडीच्या माथ्यावरही त्याच पॅडचा सपाट तळ टेकला पाहिजे, लोखंडाची दुबेळकी कड नव्हे. मग जॅक किंचित उतरवून भार घोड्यांवर द्यावा आणि गाडीला बाजूने एक धक्का देऊन पाहावा. कुरकुर करावयाची असेल तर तिने ती आपण बाहेर असतानाच करावी.

चाक परत लावताना बोल्ट हातानेच धरवावेत आणि शेवटचे आवळणे गाडी जमिनीवर आल्यावर करावे. या गाडीस १२० न्यूटन-मीटर लागतात, आणि ते मोजण्याचा पाना मिळतो. आपला कारागीर पान्यावर उभा राहतो. साठ किलोचा माणूस एक फुटी पान्यावर उभा राहिला की ते पावणेदोनशेच्या घरात जाते, आणि रस्त्यात पंक्चर झाल्यावर तो बोल्ट उघडण्यास मग दुसरा साठ किलोचा माणूस शोधावा लागतो.

त्या रविवारी हे सगळे यथासांग पार पडले. भाच्याने चारही चाकांची जागा बदलली, गाडी खाली उतरली, घोड्या कोपऱ्यात गेल्या. तो चहा घेऊन फेरफटका मारण्यास निघाला आणि मी पायरीवर बसून पॅड पुसून डबीत ठेवू लागलो. एक, दोन, तीन. डबीला कप्पे चार. मी उठून हाक मारीपर्यंत गाडी फाटकाजवळच्या त्या उंचवट्यावर चढली होती, आणि डाव्या मागच्या दाराखालून मला तोच जुना ‘कट्’ ऐकू आला.