रद्द प्रमाणपत्रांची यादी : संगणकयुगातील दवंडी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी रूक्ष वाटेल. परंतु डिजिटल स्वाक्षरी आता आपल्या दाराशी आली आहे. शेतकऱ्याच्या हाती पडणारा सातबारा उतारा डिजिटल स्वाक्षरीने मिळतो. ग्रामपंचायतीच्या निधीतून रक्कम अदा करताना सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांची ‘डीएससी’ लागते. निविदा उघडायची तर अधिकाऱ्याला आपले टोकन संगणकाला जोडावे लागते. ही स्वाक्षरी कशी करावी, हे आपण शिकलो. ती रद्द कशी होते आणि रद्द झाल्याचे जगाला कसे कळते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

माझ्याच चुकीपासून आरंभ करतो. काही वर्षांपूर्वी निविदा उघडण्याच्या कामासाठी मला असे टोकन मिळाले होते. दौऱ्यावरून परतताना ते बसमध्ये राहिले. ज्या लहान पिशवीत ते होते, तिच्यातच पिन लिहिलेली चिठ्ठीही होती. टोकन सापडेल या आशेवर आणि थोडे संकोचापोटी मी चार दिवस कोणालाही बोललो नाही. पाचव्या दिवशी कळविले. सुदैवाने गैरवापर झाला नव्हता. परंतु ते चार दिवस माझी सही माझ्या ताब्यात नव्हती आणि त्या सहीची जबाबदारी मात्र सर्वस्वी माझीच होती.

कायदा काय सांगतो

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. त्याच्या कलम ४२ अन्वये खासगी किल्ली जपण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकावर आहे. किल्ली दुसऱ्याच्या हाती गेल्यास त्याने प्रमाणन प्राधिकाऱ्यास विनाविलंब कळविले पाहिजे आणि जोवर तो कळवीत नाही तोवर तोच जबाबदार राहतो. कलम ३७ प्रमाणपत्राच्या तात्पुरत्या निलंबनाविषयी आहे. धारकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याखेरीज निलंबन १५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. कलम ३८ प्रमाणपत्र रद्द करण्याविषयी, तर कलम ३९ त्याची सूचना प्रसिद्ध करण्याविषयी आहे. रद्द करणे व ते प्रसिद्ध करणे या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या मांडल्या आहेत. तंत्रातही त्या वेगळ्याच आहेत.

दवंडी आणि यादी

कार्यालयाचा शिक्का हरवला तर आपण काय करतो? पोलिसांत खबर देतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. कारण हरवलेला शिक्का स्वतःहून पुसला जात नाही. डिजिटल प्रमाणपत्राचेही तसेच आहे. ते एकदा दिले की त्यावरील मुदत संपेपर्यंत दिसायला वैधच दिसते. त्यावर ‘रद्द’ असा शेरा मारायला आपण कोठे जाणार? त्याच्या प्रती शेकडो संगणकांवर असतात. म्हणून प्रमाणन प्राधिकारी ठराविक कालावधीने रद्द प्रमाणपत्रांची यादी प्रसिद्ध करतो. संगणकतज्ज्ञ तिला ‘सीआरएल’ म्हणतात. १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘एक्स.५०९’ या मानकात तिचे मूळ आहे.

या यादीत व्यक्तीचे नाव नसते. प्रत्येक नोंदीत प्रमाणपत्राचा क्रमांक, ते रद्द झाल्याची तारीख व वेळ आणि बहुधा कारण एवढेच असते. वरच्या भागात यादी कोणी काढली, केव्हा काढली आणि पुढची यादी केव्हापर्यंत येईल, हे दिलेले असते. शेवटी प्राधिकाऱ्याची स्वतःची डिजिटल स्वाक्षरी असते. त्यामुळे मधल्या मध्ये कोणी एखादा क्रमांक गाळला किंवा घुसडला, तर ते तपासणीत उघड होते.

आज्ञेने चालणारे साधन

ही यादी वाचण्याचे व बनविण्याचे एक मुक्त साधन म्हणजे ‘ओपनएसएसएल’. १९९८ च्या अखेरीपासून ते उपलब्ध आहे. त्यात रंगीत खिडक्या वा बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर रोमन अक्षरांत आज्ञा लिहावी आणि उत्तर वाचावे, अशी त्याची रीत आहे. ती प्रथम परकी वाटते. पण केलेले काम शब्दांत नोंदलेले राहते आणि दुसऱ्यास जसेच्या तसे शिकविता येते, हा तिचा मोठा गुण आहे.

पहिले काम यादी वाचण्याचे. प्रमाणपत्रातच ती कोठे मिळेल तो पत्ता दिलेला असतो. यादी उतरवून घ्यावी आणि ‘ओपनएसएसएल’ या नावापुढे ‘सीआरएल’ ही उपआज्ञा, ‘इन’ या पर्यायाने यादीचे नाव आणि ‘टेक्स्ट’ हा पर्याय द्यावा. गूढ वाटणारी फाईल वाचनीय मजकुरात उलगडते. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने मला हेच करून दाखविले होते. शेकडो क्रमांकांमध्ये माझ्या हरवलेल्या टोकनाचा क्रमांक व रद्द झाल्याची वेळ मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला.

दुसरे काम खातरजमेचे. ‘सीआरएल’ या आज्ञेलाच ‘सीएफाइल’ या पर्यायाने प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र दिले की यादीवरील स्वाक्षरी खरी आहे किंवा नाही, ते कळते. एखादे प्रमाणपत्र यादीशी ताडून पाहावयाचे असल्यास ‘व्हेरिफाय’ ही आज्ञा ‘सीआरएल_चेक’ या पर्यायासह द्यावी. हा पर्याय दिला नाही तर यादी पाहिलीच जात नाही आणि रद्द झालेले प्रमाणपत्रही निर्दोष ठरते! तपासनीस बसविला, पण त्याला नोंदवही दिली नाही, असाच हा प्रकार होय.

तिसरे काम रद्द करण्याचे. ते प्रमाणपत्र देणाऱ्याचे. सार्वजनिक प्रमाणपत्रांबाबत ते परवानाधारक प्राधिकारीच करतात. परंतु एखादे महाविद्यालय वा कार्यालय आपल्या अंतर्गत जाळ्यासाठी स्वतःची प्रमाणपत्रे देत असेल, तर हे काम त्यालाच करावे लागते. ‘ओपनएसएसएल’ आपली नोंद एका साध्या मजकूर-फाईलमध्ये ठेवते. प्रत्येक प्रमाणपत्रास एक ओळ असते आणि तिच्या आरंभी एक अक्षर: वैध असल्यास ‘व्ही’, रद्द असल्यास ‘आर’, मुदत संपली असल्यास ‘ई’. ‘सीए’ ही आज्ञा ‘रिव्होक’ या पर्यायासह दिली की ‘व्ही’चे ‘आर’ होते आणि तारीख व, दिले असल्यास, कारण लिहिले जाते. किल्ली चोरीस गेली, पद बदलले, नवे प्रमाणपत्र घेतले, काम बंद झाले, अशी कारणे मानकानेच ठरवून दिली आहेत. तात्पुरत्या निलंबनासाठीही स्वतंत्र कारण आहे.

येथे अनेकजण चुकतात. नोंदवहीत ‘आर’ उमटले म्हणजे काम संपले, असे त्यांना वाटते. वस्तुतः जगाला अद्याप काहीच कळलेले नसते. ‘सीए’ आज्ञा पुन्हा, या वेळी ‘जेनसीआरएल’ या पर्यायासह द्यावी लागते. तेव्हा नवी स्वाक्षरीत यादी तयार होते. मग ती ठरलेल्या पत्त्यावर ठेवावी लागते. ठराव झाला, पण दवंडी पिटलीच नाही, अशी गत होऊ नये.

यादीलाही मुदत असते

पुढच्या यादीची तारीख उलटून गेली आणि नवी यादी आली नाही, तर जुनी यादी कालबाह्य ठरते. काटेकोर तपासणी करणारी यंत्रणा मग चांगली प्रमाणपत्रेही नाकारते. एके दिवशी सकाळी सर्वांचेच प्रवेश बंद होतात आणि कारण सापडता सापडत नाही. ‘ओपनएसएसएल’च्या नमुना मांडणीत ही मुदत ३० दिवसांची असते. कोणतेही प्रमाणपत्र रद्द झाले नसले तरी मुदतीपूर्वी नवी यादी काढणे, हे म्हणूनच नित्याचे काम समजावे आणि ते एका व्यक्तीच्या आठवणीवर न सोडता दिनदर्शिकेत नोंदवावे.

यादी फुगते, ही दुसरी अडचण. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष खुद्द ‘ओपनएसएसएल’मध्येच उघडकीस आला, तेव्हा जगभर असंख्य प्रमाणपत्रे बदलावी लागली. एका मोठ्या कंपनीने आपली प्रमाणपत्रे एकदम रद्द केली आणि संबंधित प्राधिकाऱ्याची यादी २२ किलोबाइटवरून ४.९ मेगाबाइटवर गेली.

नोंदवही शाबूत हवी

नेदरलँड्समधील ‘डिजिनोटार’ या प्रमाणन संस्थेची कथा प्रत्येक अधिकाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. तिच्या संगणकांत घुसखोरी होऊन २०११ च्या जुलैमध्ये पाचशेहून अधिक बनावट प्रमाणपत्रे निघाली. संस्थेने सापडली तेवढी रद्द केली आणि मौन धरले. एक महत्त्वाचे प्रमाणपत्र मात्र निसटले आणि ऑगस्टअखेर ते उघडकीस येईपर्यंत इराणमधील नागरिकांच्या पत्रव्यवहारावर पाळत ठेवण्यासाठी वापरले गेले. कोणती प्रमाणपत्रे निघाली याची संस्थेची नोंदच पुरी नव्हती. आणि ज्याचा क्रमांक ठाऊक नाही, ते यादीत कसे घालणार? सप्टेंबर २०११ मध्ये संस्थेचे दिवाळे निघाले. घुसखोरीने तिचे नुकसान केलेच, पण तिचा विश्वास बुडविला तो मौनाने.

आपण काय करावे

मित्रहो, आज्ञा लिहिणे सर्वांना जमलेच पाहिजे असे नाही. शाळा-महाविद्यालयांतील संगणक शिक्षकांनी मात्र विद्यार्थ्यांकडून एक लुटुपुटीचे प्रमाणन कार्यालय अवश्य चालवून घ्यावे: प्रमाणपत्र द्यावे, रद्द करावे, यादी काढावी आणि यादी न काढता काय होते तेही दाखवावे. एका तासिकेत हा विषय मनावर ठसेल.

पंचायत सदस्यांनी व कार्यालयप्रमुखांनी पुढील गोष्टी कराव्यात. कोणाचे टोकन कोणत्या क्रमांकाचे आहे, याची नोंदवही ठेवावी. पिन टोकनासोबत ठेवू नये आणि टोकन दुसऱ्याच्या हाती देऊ नये. सरपंचांची मुदत संपली, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची बदली झाली, अधिकारी निवृत्त झाले, तर कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत किल्ल्या व दप्तराबरोबर डिजिटल स्वाक्षरीचाही उल्लेख असावा. संबंधित प्रणालीतून तिची नोंद काढून घ्यावी आणि जेथे आवश्यक तेथे प्रमाणपत्र रद्द करण्याचा अर्ज त्याच दिवशी करावा. अर्जाची पोच जपून ठेवावी आणि क्रमांक यादीत आला की नाही, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

आणखी एक शंका नेहमी विचारली जाते : प्रमाणपत्र रद्द झाले म्हणजे त्याने पूर्वी केलेल्या सर्व सह्या बाद होतात काय? तसे नाही. रद्द होण्यापूर्वी, किल्ली धारकाच्याच ताब्यात असताना केलेली सही त्यामुळे आपोआप बाद होत नाही. पण ती केव्हा केली, हे विश्वासार्ह वेळनोंदीने सिद्ध करता आले पाहिजे. म्हणूनच यादीत तारखेबरोबर वेळही लिहिलेली असते आणि म्हणूनच कळविण्यातील एकेका तासाला मोल असते.

मी चार दिवस संकोचलो. आपणांपैकी कोणी चार तासही संकोचू नये, एवढीच माझी विनंती. टोकन हरवणे हा अपघात आहे. ते लपविणे हा मात्र अपराध ठरू शकतो. गावाच्या पैशावर ज्याची सही चालते, त्याने ती सही कोठे आहे हे रोज पाहावे आणि ती हातची गेली तर दवंडी पिटण्यास सर्वप्रथम स्वतःच पुढे यावे.