गाडीच्या पोटाखाली



गाडीच्या दुरुस्तीवर मी बोलणार, हे ऐकून घरात हसू पिकलं. टायर बदलायचा झाला तरी शेजाऱ्याला हाक मारणारा मी माणूस. पण ज्या गोष्टीने आपल्याला शरमिंदा केलं, ती आपण नीट शिकून घेतो. तशी ही एक गोष्ट आहे.

माझ्या मुलाने एक वापरलेली हायब्रिड गाडी घेतली. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही असलेली. कधी एक चालतं, कधी दुसरं, कधी दोन्ही. दिवाळीच्या सुट्टीत त्या गाडीने मी आणि पत्नी कोल्हापूरहून रत्नागिरीला एका काव्यवाचनासाठी निघालो. पंधरा दिवसांपूर्वीच गाडीची सर्व्हिसिंग झालेली, म्हणून मी निर्धास्त होतो. मलकापूरच्या पुढे एका खड्ड्यात गाडीचं पोट धप्पकन आपटलं. त्यानंतर खालून फडफड ऐकू येऊ लागली, उन्हात वाळत घातलेलं धोतर वाऱ्याने हलावं तशी. वेग वाढला की आवाज वाढायचा, वेग कमी केला की थांबायचा.

पत्नी म्हणाली, “अहो, खाली काहीतरी वाजतंय.”

मी रेडिओचा आवाज वाढवला.

आंबा घाट उतरेपर्यंत वेग कमीच होता. साखरप्याच्या पुढे सरळ रस्ता लागला आणि मी पाय दाबला. एक मोठा फर्रर्र आवाज झाला. आरशात पाहिलं, तर काळा, दाराएवढा रुंद तुकडा रस्त्यावर उडाला होता आणि मागून येणारा मोटरसायलवाला त्याला चुकवताना आडवा झाला होता.

सुदैवाने त्याचं कोपर आणि गुडघाच खरचटला. आम्ही त्याला गाडीत घालून पालीला डॉक्टरांकडे नेलं. पट्टी बांधून घेताना तो पोरगा शांतपणे म्हणाला, “काका, आवाज तर मागून मलापण येत होता. तुम्हाला नाही आला?”

मला उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी ती रॅम्पवर चढवली आणि मला म्हणाले, “भाई, आज तुम्हीपण खाली या. बघा तरी.” आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीचं पोट पाहिलं.

जुन्या गाड्यांच्या खाली इंजिनचं चेंबर, सायलेन्सर, नळ्या असं सगळं उघडं दिसायचं. फार तर चेंबरखाली लोखंडी गार्ड असायचा. या गाडीखाली मात्र पुढपासून मागपर्यंत सपाट काळी पॅनेल्स होती. काही कडक प्लॅस्टिकची, काही जाड नमद्यासारख्या दाबलेल्या धाग्यांची. ती शोभेसाठी नसतात. खालून जाणारी हवा खाचाखोचांत अडखळली की गाडीला मागे ओढते आणि इंधन जास्त लागतं. तळ सपाट केला की ही ओढ कमी होते. 1997च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीला आलेली टोयोटाची प्रियस ही मोठ्या संख्येने बनलेली पहिली हायब्रिड मोटार. तिची 2009 सालची तिसरी पिढी, जी 2010मध्ये भारतातही आली, तिचा वाऱ्याला होणारा विरोध मोजणारा आकडा 0.25 इतका कमी होता. त्यात या झाकलेल्या तळाचाही वाटा आहे. शिवाय चिखल, खडी, पावसाचं पाणी यांपासून आतल्या भागांचं रक्षण होतं, ते वेगळंच.

मिस्त्रींनी मला पॅनेलची पुढची कड दाखवली. तिथे बोल्टच्या तीन जागा रिकाम्या होत्या. तुटलेल्या नव्हे, रिकाम्या. तेल बदलताना हे झाकण काढावं लागतं. बसवताना कुणीतरी तीन बोल्ट लावलेच नव्हते. खड्डा निमित्त झाला, पण दार आधीच उघडं होतं. वारा पुढच्या कडेतून आत शिरला आणि उरलेल्या क्लिपा एकेक करून उखडत गेला.

मिस्त्री म्हणाले, “आपल्या कौलांसारखं असतं हे.” आपण वरचं कौल खालच्यावर चढवतो, म्हणजे पाणी आत शिरत नाही. तसं पुढच्या पॅनेलची मागची कड बाहेरून यायला हवी आणि मागच्या पॅनेलची पुढची कड तिच्या आत जायला हवी. उलट बसवलं तर वाऱ्याला बोट घालायला जागा मिळते.

मग त्यांनी निवाडा केला. पुढच्या पॅनेलचा तुकडा गेलेला, बोल्टची भोकं फाटलेली. ते नवीनच हवं. मधल्याला एकच लांब चीर होती, ते दुरुस्त होण्यासारखं. त्याच्या मागे ‘पीपी’ अशी अक्षरं उठवलेली होती, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याला साधा डिंक नीट धरत नाही. त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी वितळवून चीर सांधावी लागते आणि ती पुढे वाढू नये म्हणून दोन्ही टोकांना लहान भोकं पाडतात. ओढलेल्या भोकांना रुंद वॉशर दिले. धाग्यांचं पॅनेल तेलाने भिजलं असेल किंवा सायलेन्सरपाशी लोंबत असेल, तर ते ठेवायचं नाही, कारण ते पेट घेऊ शकतं. सायलेन्सरजवळचा अॅल्युमिनियमचा पत्रा सैल झाला तर तो धातूच्या वॉशरनेच आवळायचा, प्लॅस्टिकच्या पट्टीने नाही.

हे सगळं करताना त्यांचा हात सराईतासारखा चालत होता. एका जागी मात्र तो थांबला. पॅनेलच्या वर एक नारिंगी केबल गेली होती.

“हिला मी हात लावणार नाही,” ते म्हणाले.

नारिंगी रंग ही उच्च दाबाच्या विजेची खूण आहे. मी सांगितलेल्या त्या प्रियसची मोठी बॅटरी 201.6 व्होल्टची असते आणि मोटरसाठी तो दाब 650 व्होल्टपर्यंत चढवला जातो. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची. बॅटरी मागे, मोटर पुढे, म्हणून केबल तळाशी धावते. हायब्रिड गाडी उभी असताना मुकी असते, पण चालू असली तर इंजिन आपोआप सुरू होऊ शकतं. म्हणून तिच्याखाली जाण्याआधी ती पूर्ण बंद करून किल्ली लांब ठेवायची. नुसत्या जॅकवर तोललेल्या कुठल्याही गाडीखाली तर जायचंच नाही. जॅकही ठरलेल्या जागीच लावायचा, पॅनेलवर किंवा केबलवर नाही. आणि केबलचं आवरण खरवडलं असेल किंवा बॅटरीच्या पेटीला पोचा पडला असेल, तर ते काम प्रशिक्षित माणसाचं. तो रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग काढतो, साठलेली वीज उतरायला दहा मिनिटं थांबतो आणि मगच हात घालतो.

मिस्त्रींनी हातांत तीस वर्षांचा अनुभव असूनही मला अशा माणसाकडे पाठवलं. केबल शाबूत निघाली. पण ‘इथे माझं काम संपतं’ हे ज्या सहजतेने ते म्हणाले, ती सहजता मला त्यांच्या सगळ्या कसबापेक्षा मोठी वाटली.

परतल्यावर मी सर्व्हिसिंग केलेल्या ठिकाणी गेलो आणि तीन बोल्टांची गोष्ट सांगितली. “होतं असं कधी कधी,” उत्तर आलं. मी भांडायला तोंड उघडलं, पण मला रेडिओचं बटण आठवलं. बोल्ट त्यांनी विसरले होते, आवाज मी विसरलो होतो. तरीही मी म्हणालो ते एवढंच की यापुढे गाडी रॅम्पवरून खाली आणण्याआधी मला बोलवा. श्रोतेहो, तुम्हीही हे सांगा. खाली उभे राहा, बोल्टच्या जागा मोजा, कडा हाताने ओढून पाहा. पाच मिनिटं लागतात.

माझ्या कवितेत एखादा शब्द सैल राहिला तर कुणी रस्त्यावर पडत नाही. त्यामुळे न दिसणाऱ्या कामाची किंमत मला बहुधा उशिरा कळली. त्या पोराला मी नंतर फोन केला. जखम भरली होती. त्याने पुन्हा तो प्रश्न विचारला नाही, पण मीच उत्तर दिलं. म्हटलं, “आला होता रे, बाळा. ऐकायचा नव्हता.”

आता गाडीत काही वाजलं की मी आधी रेडिओ बंद करतो. हे रेडिओवरून सांगताना जरा चमत्कारिक वाटतं खरं, पण तुम्हीही तसंच करा.

नमस्कार.