मोटरीवरची पट्टी



आपल्या गावातून मुंबईला गेलेली पुष्कळ माणसे उपनगरात राहतात. कोणी घाटकोपरला, कोणी मुलुंडला, कोणी अंधेरी-बोरिवलीकडे. घरे लहान. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन योजना निघाली. तेव्हा तीत मिळणारे घर २२५ चौरस फुटांचे होते. म्हणजे पंधरा फूट लांब आणि पंधरा फूट रुंद. तेवढ्यातच स्वयंपाक, तेवढ्यातच अंथरूण.

गावच्या घरात धूर कौलांच्या फटींतून निघून जातो. तिथे डोक्यावर कौले नाहीत, दुसऱ्याचे घर आहे. मिरचीची फोडणी पडली की म्हातारी माणसे खोकतात, लेकरांचे डोळे चुरचुरतात. म्हणून खिडकीत धूर बाहेर फेकणारा पंखा बसवतात. त्याला एक्झॉस्ट फॅन म्हणतात.

हा पंखा एक दिवस बंद पडतो. घरधनी दुकानात जातो. म्हणतो, "पंख्याची मोटर द्या." दुकानदार विचारतो, "कोणती?"

इथे भले भले गप्प बसतात. मग दुकानदार देईल ती मोटर घ्यायची, आणि ती बसली नाही की पैसे गेले म्हणायचे! मंडळी, ‘कोणती?’ याचे उत्तर त्या जुन्या मोटरीवरच लिहिलेले असते. ते कसे वाचावे, हे आज आम्ही सांगणार आहोत.

पण आधी एक गोष्ट पाहा. मोटर खरोखरच गेली आहे का? विहिरीवरचा पंप बंद पडला की आपण लगेच नवा आणतो का? नाही. आधी दोष शोधतो. इथेही तसेच करा.

प्रथम मेन स्विच बंद करा. मग पाते हाताने फिरवून पाहा. जड फिरते? तर तेल आणि काजळी साचली असेल. पाती उतरवून साबणाच्या पाण्याने धुवा. मोटरीवर मात्र पाणी घालू नका. ती कोरड्या फडक्याने पुसा.

पाते हलके फिरते, पण वीज दिली की मोटर नुसती गुणगुणते? तर बहुधा कपॅसिटर गेला. काही दुकानदार त्याला कंडेन्सर म्हणतात. तो डबीएवढा असतो, आणि मोटरीच्या मानाने फार स्वस्त मिळतो. जुन्यावर जे आकडे असतील, त्याच आकड्यांचा नवा आणावा. वीज बंद केल्यावरही त्यात थोडी वीज साठून राहते. म्हणून त्याच्या तारांना हात लावू नका, ते काम वायरमनचे. काही लहान पंख्यांत कपॅसिटर नसतोच, हेही ध्यानात ठेवा.

जळका वास आला, आतली तार काळी पडली, तर मोटर जळली असे समजावे.

आता पट्टी वाचू या. मोटरीवर पत्र्याची पट्टी किंवा चिकटवलेला कागद असतो. वरची काजळी पुसा. आकडे इंग्रजी वळणाचे असतात. नोटांवर आणि मोबाइलवर तेच आकडे असतात, म्हणून ते आपल्या ओळखीचे आहेत.

ज्या आकड्यापुढे ‘व्ही’ अक्षर असेल, तो व्होल्टचा आकडा. आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची असते. कोणी अमेरिकेहून १२० व्होल्टचा पंखा आणला आणि तो तसाच जोडला, तर तो जळेल.

‘एचझेड’ म्हणजे हर्ट्झ. आपल्याकडे तो आकडा ५० असतो.

‘डब्ल्यू’ म्हणजे वॉट. मोटर किती वीज खाते, ते यावरून कळते.

‘आरपीएम’ म्हणजे एका मिनिटातले फेरे. कोठे १४०० च्या जवळचा आकडा असतो, कोठे ९०० च्या जवळचा. हा आकडा फार महत्त्वाचा, बरं का! पाते दीडपट वेगाने फिरवायला ताकद दीडपट पुरत नाही, तिपटीहून जास्त लागते. ९०० फेऱ्यांच्या पात्याला १४०० फेऱ्यांची हलकी मोटर लावली, तर तिला ते ओझे झेपत नाही. ती तापते आणि जळते.

हे आकडे वहीत उतरवा. मग पट्टीवर नसलेल्या गोष्टी मोजा. पाते किती इंची? सहा इंची म्हणजे १५० मिलिमीटर, बारा इंची म्हणजे ३०० मिलिमीटर. पाते ज्या दांड्यावर बसते, तो किती जाड आणि किती लांब? बोल्टची भोके एकमेकांपासून किती दूर? दांडा बारीक निघाला तर पाते सैल बसते आणि फिरता फिरता सुटून अंगावर येते. शेवटी, पाते कोणत्या बाजूला फिरत होते, तेही लिहून ठेवा.

आता मोटर आणायची कोठून? आधी जवळच्या विजेच्या दुकानात विचारा. मग पंखा ज्या कंपनीचा, तिच्या दुरुस्ती केंद्रात. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडेही जावे. तो जळलेली तार काढून नवी गुंडाळतो. एवढे करून काम झाले नाही, तर क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ आहे. विजेच्या सामानाचा तो मोठा बाजार. घाटकोपर-मुलुंडहून गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे. अंधेरी-बोरिवलीहून मरीन लाइन्सला उतरावे. जुनी मोटर पिशवीत घालून न्या आणि दोन्ही मोटरी शेजारी शेजारी ठेवून पाहा. गुंडाळलेली तार तांब्याची की अॅल्युमिनियमची, ते विचारा. दुकानातच चालवून बघा. पावती घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.

सगळे आकडे जुळत नसतील, तर ओढूनताणून मोटर बसवू नका. रिवाइंडिंगची मजुरी नव्या पंख्याच्या किमतीजवळ जात असेल, तर त्याच मापाचा नवा पंखा घ्या. त्यावर आयएसआयची खूण पाहून घ्या.

मोटर वायरमनकडूनच बसवून घ्या आणि अर्थिंगची तार जोडायला सांगा. मग एक परीक्षा करा. कागदाचा कपटा दोऱ्याला बांधून पंख्यासमोर जरा लांबून धरा. कपटा पंख्याकडे ओढला गेला, तर काम ठीक. उलट तोंडाकडे उडाला, तर मोटर उलटी फिरते आहे. असा पंखा धूर बाहेर न फेकता घरात लोटतो! पंखा लावताना समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. बाहेरची हवा आत आली नाही, तर आतली हवा बाहेर कशी जाईल?

मंडळी, हीच रीत विहिरीवरच्या पंपाला आणि पिठाच्या गिरणीलाही लागू पडते. त्यांच्या मोटरींवरही पट्टी असते, आणि तिच्यावरही आकडे असतात. उद्या पंपापाशी गेलात की पट्टीवरची धूळ पुसा. व्होल्ट किती, फेरे किती, ते वाचा आणि वहीत लिहून ठेवा. पुन्हा कोणी ‘कोणती?’ म्हणून विचारले, तर वही उघडून त्याच्यापुढे ठेवता येईल.