लहान खोलीतला सिनेमा

श्रोतेहो, १० बाय १२ फुटांच्या खोलीत सिनेमासाठी धिप्पाड स्पीकर आणायचा बेत असेल, तर जरा थांबा. १२ फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा खर्ज घुमत राहतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवलात, की तो आणखी फुगतो. मग पडद्यावरचं बोलणं आजीला कळत नाही, आणि शेजारी भिंत ठोकतात ते वेगळंच! म्हणून पैसे घालायचे ते मधल्या स्पीकरवर. संवाद बहुतेक त्यातूनच येतात. बाजूचे दोन लहान चालतील, फक्त कानाच्या उंचीला हवेत. मागचे सावकाश घ्या. सबवूफरची जागा मात्र अशी शोधा: तो आपल्या बसायच्या जागी ठेवून गाणं लावा, भिंतीकडेनं रांगत फिरा, आणि खर्ज जिथं सारखा ऐकू येईल तिथं तो मांडा. घरची मंडळी हसतील, हसू द्या.