एक्स-रेत सोनं पांढरं का दिसतं?

विटा, खानापूर भागातले गलाई बांधव सोनं-चांदी आटवायला देशभर पसरले. त्यांच्या मुशीतलं पिवळंधमक सोनं एक्स-रेवर मात्र पांढरंशुभ्र उमटतं. क्ष-किरणांना रंगाशी देणंघेणं नाही. अणू जितका जड आणि वस्तू जितकी दाट, तितके किरण जास्त अडतात आणि ती जागा पांढरी उमटते. हाडातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक 20, चांदीचा 47, सोन्याचा 79. म्हणून तर छातीच्या एक्स-रेआधी गळ्यातलं मंगळसूत्र काढायला सांगतात. दाढेत भरलेली चांदी, म्हणजे खरं तर चांदी, कथील वगैरेंचं पाऱ्यातलं मिश्रण, दातापेक्षा ठळक दिसते. दातांच्या रंगाच्या सिमेंटात बेरियमयुक्त काचेची पूड मुद्दाम घालतात. खाली पुन्हा कीड लागली तर ती काळी, वेगळी ओळखू यावी.

खरा धोका न दिसणाऱ्या वस्तूंचा. पोरानं गिळलेलं स्टीलचं नाणं लगेच सापडतं. पण साध्या अ‍ॅक्रिलिकची कवळी तुटून तुकडा घशात अडकला, तर एक्स-रेवर तो बहुधा दिसतच नाही. लाकडाची काडीही तशीच. तेव्हा एक्स-रे स्वच्छ आला तरी काय गिळलं ते डॉक्टरांना नक्की सांगा, आणि कवळीचा उरलेला भाग सोबत न्या.